कुप्याचे तुकडे

हौसाचा बाप मुंबईला गोदीत मुकादम. त्यानं लेकीच्या सासरी, घाटावरच्या मढला, ताजा कुपा मासा धाडला. बर्फात घालून आगगाडीनं कल्याणला आणि तिथून गड्याबरोबर तट्टावरून माळशेज चढवून. कापला तर आत लालभडक.

"हे तर बोकडावानी हाय. मग बोकडावानीच शिजवायचं," सासरा धर्माजी म्हणाला.

"मामंजी, तव्यावर दोन्ही अंगांनी जरासा शेकला की झालं."

"आमाला नगं शिकवू," सासू चिमाबाई म्हणाली. ओढ्यातल्या खेकड्यापलीकडं पाण्यातलं काही तिच्या चुलीनं पाहिलं नव्हतं.

कुपा दुपारभर रटरटला. धर्माजीनं एक तुकडा या दाढेचा त्या दाढेला दिला आणि चोथा ताटाबाहेर काढला. "व्याह्यानं म्हातारा मासा धाडला."

परत निघालेल्या गड्याला हौसानं सगळ्यांदेखत निरोप दिला, "आबाला सांग, मासा लई आवडला. पर पुढच्या खेपेला सुके बोंबील धाड म्हणावं. ते कितीबी शिजवलं तरी चालतंय."

चिमाबाईनं समाधानानं मान डोलावली. "शिकीवलं की शिकती पोर."