संकष्टीची पार्टी

लेक अक्षदा दहावी पास झाली तेव्हा संदेशने घरातल्या पाचही जणांना बर्गरची पार्टी कबूल केली.

मग बर्गर महागला.
पार्टी पुढे गेली.
बर्गर परत महागला.

शेवटी त्याने कॅलेंडर बघून दिवस ठरवला. संकष्टी! आई आणि कल्पिता, सासूसुनेचा कडक उपास. म्हणजे खाणारे तिघेच: तो, अक्षदा आणि बंटी.

"आजचाच दिवस कसा सुचला रे तुला?" कल्पिताने विचारलं.

"तुम्ही दोघी नुसत्या बसा गं. पोरांची हौस होऊ दे."

डोंबिवलीच्या त्या थंडगार दुकानात आईने काउंटरवरची चित्रं चष्मा पुसून नीट बघितली.

"संदेश, ती पिवळी पिवळी लांब कसली रे?"

"फ्राईज, आई. बटाट्याच्या असतात."

"आणि त्या उंच ग्लासात?"

"मिल्कशेक. म्हणजे दूधच."



"अरे, मग दोन्ही चालतं की उपासाला! मला नि कल्पिताला मोठ्यातलं सांग," आई म्हणाली, आणि मागून अक्षदा आणि बंटी एका सुरात ओरडले, "पप्पा, बर्गर खाऊन झाला की आमचा पण उपास!"