तीन पायांचा खुंटा

प्रमिलाबाईंनी गोणपाटात गुंडाळलेला खुंटा ऐरणीवर ठेवला, तेव्हा जुनैदला वाटले, आपण हरलो. खुंटा उपटला असणार; नाहीतर कोण आठ कोसांवरून हे ओझे परत घेऊन येईल? त्याने वेल्डिंगची काच खाली ठेवली आणि गोणपाट उलगडले. दांडा सरळ होता. जोड कुठेही उकलला नव्हता. फक्त पात्यांच्या सांध्यांत गाळ वाळून बसला होता.

"सुटला का, अक्का?"

त्या पाण्याचा पेला हातात धरून बसल्या होत्या. पीत नव्हत्या.

फाल्गुनात त्या पहिल्यांदा शिंदखेड्याच्या या दुकानात आल्या, तेव्हा जुनैद लोकांच्या मापाने लोकांच्या खिडक्या-दारे करत होता. "मन्ही चंद्रीले थांबाडी ठेवी असा खुंटा दे, भाऊ," त्या म्हणाल्या होत्या. "नवरा खाटवरून हालत नही, अन् ही म्हैस एक जागावर ऱ्हात नही." चंद्री काळ्या रानात ओल आली की खुंटा ओढून काढी. मुरमाच्या बरडावर बाभळीचा खुंटा आत शिरतच नसे. आणि पांझरेच्या वाळूत तो मुळ्यासारखा वर येई.

जुनैद फारसे बोलला नाही. तो कुणाशीच फारसे बोलत नसे. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात जमिनीच बोलू लागल्या. दर शुक्रवारी नमाज आटोपून तो सायकलला लोखंड बांधी आणि प्रमिलाबाईंच्या शेताची वाट धरी. काळी माती भिजली की धरलेले सोडून देते, म्हणून तिच्यासाठी त्याने मळसूत्रासारखे फिरत उतरणारे पाते केले. मुरमाला लांबी नको होती, अणी हवी होती. तिथे आखूड, चौकोनी, पोलादी टोकाचा पाय केला. वाळू मात्र कशालाच दाद देईना. ती हाताखालून सरके, आणि त्याला वाटे, ही आपल्यासारखीच आहे. कुणाला आत ठरू देत नाही.

शेवटी त्याने दोन पाती बिजागरीवर बसवली. खुंटा ठोकताना ती मिटत, वर ओढले की पंखांसारखी उघडत. जनावर जितके ओढील, तितका खुंटा वाळू घट्ट धरील. त्याने दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि तळहात सोलून निघेपर्यंत ओढले. खुंटा हलला नाही. एक दांडा आणि बदलता येणारे तीन पाय. आयुष्यात पहिल्यांदा त्याने असे काही केले होते, जे कुणाच्या मापाचे नव्हते.

खुंटा द्यायला गेला, त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर त्याला दोन दावी दिसली. एक नवे, जाडजूड. दुसरे अंबाडीचे, झिजलेले, ठिकठिकाणी गाठी मारलेले.

"हे जुनं कशाला ठेवलंय?"

"ते नदीनं," प्रमिलाबाई हसल्या. "मन्हा सासरा, जीवराम आबा. भलता चिकट माणूस. नवं दावं गोठामा, अन् झिजेल दावं नदीमा. एकदाव यासनी, मन्हा नवरानी, नदीमा नवं बांधं, तं म्हातारा भर उन्हमा चालत गया अन् बदलीसन उना. काब्रं विचारं तं म्हणे, बापनी रीत शे."

"गावात सगळेच असं बांधतात?"

"बठ्ठा, सारं गाव. बठ्ठास्ना म्हातारा चिकट."

जुनैदही हसला. त्याला ते हसणे आता आठवत होते. परतल्यावर त्याने चार हात साखळी घेतली, कडी न् कडी ओढून पाहिली, आणि आपल्याकडून भेट म्हणून ती खुंट्याला जोडायला पाठवली. एवढ्या खुंट्याला तसले दावे शोभले नसते.

प्रमिलाबाईंनी पेला खाली ठेवला.

"परवा दुपारे," त्या म्हणाल्या. "आठ म्हशी व्हत्यात नदीमा, बेटवरना चारावर. आम्ही वरला वावरमा कापूस येचत व्हतूत. इकडे लख्ख ऊन. वर साक्रीकडे पानी पडनं आसी, कोनले माहीत. आवाज उना, तवय आम्ही पयनूत. काठवर पोहोचनूत तं नदी भरेल व्हती."

जुनैदने ऐरणीवर हात टेकला.

"बाकीन्या साती म्हशी सांजले घर उन्यात. पवत, खाले दोन कोसवर निंघन्यात. गळामा तुटेल दावं लोंबकळत." त्यांनी पदराने ऐरणीवरचा गाळ पुसला, जणू घरच्या चुलीपुढची जागा पुसत होत्या. "तिसरे दिन पानी उतरनं. आज सकाळे चंद्री सापडनी. जथी बांधेल व्हती, तथीच. तुन्हा खुंटा हालना नही, भाऊ."

हेच वाक्य ऐकण्यासाठी तो सात महिने थांबला होता.

त्याने खुंट्याला जोडलेली साखळी उचलली. शेवटची कडी आतून घासून चकचकीत झाली होती. किती वेळ ओढले असेल तिने, हे त्या चकाकीवरून त्याच्यासारख्या कारागिराला सांगता आले असते. त्याने ती कडी मुठीत झाकून घेतली. क्षमा मागायला शब्द हवे होते, आणि ते त्याच्याकडे कधीच नव्हते.

प्रमिलाबाई उठल्या. गोणपाटाची घडी घातली, काखेत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला तो असता तर बरे वाटले असते. दारात त्या थांबल्या. मागे न वळता, दुकानातल्या कुणाला नव्हे तर फार वर्षांपूर्वी गेलेल्या कुणाला ऐकू जावे, अशा आवाजात म्हणाल्या,

"आबा चिकट नही व्हतात, भाऊ."