आवाजाचं पॅकेज

“अंगावर कपडा नाही आणि हा सूत कातत बसलाय!” सासूबाई कडाडल्या. “तयार मिळतं ना? मग घाल की तिला!”

मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “आई, आवाजाचं तयार पॅकेज दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं असतं. मी मूळ कोडपासून आपल्या मशीनच्या मापाने बांधतोय. वेळ लागणारच.”

“आठवडा झाला, मेल्या! माप घेतोयस की तिची म्हातारी व्हायची वाट बघतोयस?”

ती म्हणजे सून. शेजारच्या खुर्चीत बसली होती, गळ्याला पट्टी. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. जिचं नि सासूचं भांडण जिन्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, ती आता पाटीवर ‘मीठ’ लिहून दाखवत होती. लिहिलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम लॅपटॉपवर होता, पण आवाज त्यात वेगळा घालावा लागे. आणि नवरोबांना तो आपल्याच हातचा घालायचा होता. शिकलेल्या माणसाचा हट्ट, तो घरच्यांनाच भोवतो.

पडद्यावर पुन्हा चुकांच्या लाल ओळी आल्या. मुलाने कपाळाला हात लावला आणि चरफडत मशीनवरच्या लिनक्स प्रणालीच्या तयार पॅकेजांची यादी उघडली. तीन आवाज होते. एक लिनक्सच्या नव्या आवृत्तीसाठी बांधलेला, या मशीनने तो घेतलाच नाही. राहिले दोन. त्याने एकाचा नमुना वाजवला.

“नमस्कार. मी आपल्याला काय मदत करू?” लॅपटॉप लाडिकपणे म्हणाला.

“अय्या, किती गोड!” नणंद म्हणाली. “दादा, वहिनीला हाच घाल.”

“गोड? ही फोनवरची पोरगी, एक दाबा, दोन दाबा म्हणणारी!” सासूबाईंचा पारा चढला. “माझ्या घरात ही चालायची नाही.”

“आई, वीस वर्षं तूच रडत होतीस ना, सून फार बोलते म्हणून? आता गोड बोलेल. सुटलीस!” मुलगा म्हणाला.

सासूबाईंचा आवाज आणखी चढला. “कर काय करायचं ते! मला विचारूच नका!”

त्याने मशीनला तो आवाज बसवायचा हुकूम दिला. मशीनने रीतसर विचारलं, पुढे जायचं? हो की नाही? आठवडाभरात हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मुलाचं बोट ‘हो’वर निघालं.

सुनेने त्याच्या हातावर फटका मारला आणि ‘नाही’ दाबलं.

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. दुसऱ्या आवाजाचा नमुना वाजवला. तो घोगरा होता, रुंद, पोरांवर ओरडून ओरडून बसलेल्या घशाचा. तिने तोच निवडला आणि स्वतः ‘हो’ दाबलं. मिनिटभरात पॅकेज बसलं. मग ती टाइप करू लागली, एकेक अक्षर शोधत, ओठ घट्ट मिटून.

“आई,” लॅपटॉप घोगऱ्या आवाजात म्हणाला, “माझा आवाज गेलाय, कान नाही गेलेत. हळू बोला.”

नणंदेने तोंडावर हात नेला. सासूबाई ताडकन उठल्या.

“काय म्हणालीस? पुन्हा म्हण!”

सुनेने बटण दाबलं. तेच शब्द, तोच ठसका.

सासूबाई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “पुन्हा.”