दहापैकी दहा

ताईंनी अकरावा अभ्यासक्रमही नापास केला तेव्हा आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आता एकच उरला होता.

दम्याच्या रुग्णांना इंटरनेटवर फुकट शिकवणारे असे बारा अभ्यासक्रम होते. त्यातला एक निवडून सगळ्या दवाखान्यांमार्फत घरोघरी पोचवायचा होता. निवड ताईंची. बावीस वर्षं शाळा तपासलेल्या बाईच्या तावडीतून सुटणं सोपं नव्हतं. एकाची भाषा अगम्य, दुसऱ्यात औषधाची जाहिरात, तिसऱ्यातला डॉक्टर स्वतःच्याच प्रेमात. फुकट आहे म्हणून काहीही लोकांच्या गळ्यात मारायचं का, असं म्हणत ताई शेरे मारत सुटल्या.

बारावा बरा होता. पण दम्याच्या औषधाचा पंप तोंडाने कसा ओढायचा हे शिकवणाऱ्या मुख्य धड्यातून लोक सुरुवातीलाच काढता पाय घेत होते. दुखणं कुठे आहे ते ताईंनी बरोबर ओळखलं. एक डॉक्टर लाकडासारखा उभा राहून योग्य पद्धत सांगायचा. आणि शेवटी, जिथवर कुणी पोचतच नव्हतं, तिथे चौकडीच्या शर्टातला एक जाडा नट सगळ्या चुका करून दाखवायचा. अत्तर फवारावं तसा तोंडापासून वीतभर लांबून पंप मारायचा, लगेच हुश्श करून सगळं बाहेर सोडायचा आणि पोटभर जेवल्यासारखा छातीवर दोन थापा मारायचा. ताई खोलीत एकट्याच हसल्या. अक्षरं मोठी करा, संगीत बंद करा आणि या नटाला अगदी सुरुवातीला आणा, असं त्यांनी धडा बनवणाऱ्यांना कळवलं.

सगळं तसंच झालं. आकडे चढले. तीन मिनिटं पाहिली की धडा पाहिला असं धरायचा कचेरीचा नियमच होता, आणि पहिली तीन मिनिटं आता कुणी सोडेना. ताईंनी नोकरीत पहिल्यांदाच दहापैकी दहा दिले आणि तो धडा सर्वांत आधी धाकट्या भावाला पाठवला.

आई गेल्यावर भावाला त्यांनीच वाढवलं होतं. त्याच्यात त्यांचा जीव अडकलेला. त्याचं गॅरेज होतं, दमा लहानपणापासूनचा, आणि औषधाच्या बाबतीत कमालीचा आळशी. वर्षभरात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आता पुन्हा आणलंत तर हमी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

फोनवर तो खुशीत होता. रोज डबा खाताना धडा पाहतो म्हणाला. गॅरेजच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, पण नुसतं बघूनही सगळं कळतं.

"माणूस फार छान शिकवतो गं, ताई. कंटाळा म्हणून येत नाही."

आवाजाशिवायही समजतो, एवढी ओळ ताईंनी अहवालात जोडली.

चार महिन्यांनी त्याला तिसऱ्यांदा भरती केलं. ओठ निळे, बरगड्या वरखाली होत होत्या. ताई आल्या त्या तोंडाचा पट्टा सुरू करूनच. इतका चांगला धडा हातात दिला तरी हा सुधारत नाही, आणि बायकोचंही लक्ष नाही. भावजय हळूच म्हणाली, रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेतात, मी समोर उभी असते. ताईंनी ते उडवून लावलं. नर्ससमोरच म्हणाल्या, "नवऱ्याला पाठीशी घालून त्याचा जीव घेशील तू."

भावजयीचा चेहरा उतरला. ती रडली नाही. पिशवीतून चार रिकामे पंप काढून तिने एकेक करून खिडकीत ठेवले. पाचवा नवऱ्याच्या हातात दिला.

"दाखवा ताईंना."

भावाने नाकातोंडावरचा मास्क बाजूला केला आणि पाढे म्हणून दाखवायला बसायचा तसा ताठ बसला.

"एकही दिवस चुकवला नाही, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या धड्यात आहे अगदी तस्संच."

त्याने पंप तोंडापासून वीतभर लांब धरला आणि दाबला. लगेच हुश्श केलं. मग शाबासकीची वाट पाहत, ताईंकडे बघत, छातीवर दोन थापा मारल्या.