वेशीवरून माघारी

छप्पन सालच्या चैत्रात पनवेलच्या आळ्यांतून गोवर घरोघर फिरत होता. जनीची थोरली लेक त्यातच गेली, तेव्हा धाकट्या शिवाला खांद्यावर टाकून ती ओव्याला, माहेरी निघाली. तिथं एकही पोर आजारी नव्हतं. वेशीजवळ शिवाचं अंग चटके देऊ लागलं. जनीनं पदर सारून पाहिलं. कानामागं लाल पुरळ उठलं होतं. एवढ्यात तिचा भाऊ बळीराम तान्ही मुलगी कडेवर घेऊन सामोरा आला. "दादा, पुढं येव नको! पोराला गोवर हाय!" ती किंचाळत माघारी वळली. "कुठं जाशील?" "जिथं पोरं नाय, तिथं." बळीरामनं मुलगी मागून आलेल्या बायकोकडं दिली आणि पळत जनीला गाठलं. "दे पोराला. मला गोवर लहानपनीच येऊन गेलाय. हा उठून खेळेपर्यंत मी तुज्याकडंच राईन." शिवानं डोळे उघडले नाहीत. दोघं पनवेलकडं निघाली.