शिंपल्याचं पाणी

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून माझी बायको विभा वारल्याचा फोन आला. स्मशानातून परतलो, तोवर ताईने रिवाजाप्रमाणे घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून टाकलं होतं. त्यात विभाने पिंपात कालवून ठेवलेलं खारं पाणीही गेलं. तिने पाळलेल्या मोठ्या जिवंत शिंपल्याची काचेची टाकी गळत होती, म्हणून त्याला नव्या टाकीत हलवायचं होतं.

"ताई, ते शिंपल्याचं पाणी होतं."

"मग? तो काय या घरातला नाही?"

पुड्यावर वाचून मी पुन्हा मीठ कालवलं. ते पाणी दोन दिवस मुरेपर्यंत शिंपला अर्धा पाण्याबाहेर आला. शिंपला आपल्या मांसल पायाने दगडाला चिकटलेला असतो. ओढला तर त्याचा पाय फाटतो आणि तो मरतो, म्हणून दगडासकट उचलायचा, असं विभा सांगायची. दगड मला एकट्याला पेलेना.

ताईने पदर खोचला. "कुठे धरू?"

"दगडाखाली. त्याला ओढू नकोस."

आम्ही त्याला हळूच नव्या पाण्यात ठेवलं. त्याला पाच दिवस झाले. शिंपला मिटलेलाच आहे. तो उघडला नाही तर काय करायचं, हे विभाला विचारायचं राहून गेलं.