हात तीन

सर्कशीतल्या काकू तीस वर्षं स्वतःची घडी घालून लाकडी पेटीत बसत आल्या होत्या. पण पन्नाशी उलटली आणि उजवा गुडघा बाहेर राहायला लागला. आज दुपारी मॅनेजर बघायला येणार होते. गुडघा आत गेला नाही, तर खेळ धाकट्या जाऊबाईंकडे जाणार होता. त्यापेक्षा पेटीत गुदमरलेलं बरं, असं काकूंचं स्वच्छ मत होतं.

तालमीला काका नेहमीसारखे चष्मा पुसून उभे राहिले. झाकण लावण्याआधी बायको सगळी आत आली का, हे मोजायचा त्यांचा नियम होता.

"पाय दोन. हात तीन."

"नीट मोजा!" काकू स्वतःच्या काखेतून ओरडल्या.

काकांनी बोट लावून मोजलं. "तीनच आहेत गं. तिसरा जरा गार लागतोय."

"तुमचाच धरला असेल त्यात. काढा बाहेर!"

काका चार पावलं मागे सरले. हात तीनच राहिले.

"हातांचं राहू द्या, गुडघा बघा!"

"बाहेरच आहे."

"मग ढकला की!"

काका जागचे हलले नाहीत. तिसऱ्या हातानं काकूंचा गुडघा अलगद आत दाबला, लोंबणारी वेणी ओढून घेतली आणि आतूनच झाकण लावलं.

"मावले!" पेटीतून काकूंचा हरखलेला आवाज आला. "बरं झालं ढकललंत. आता जरा सरका बघू तिकडे, किती खेटून बसलात!"